बामबेर्ग वही: धुराची बियर, तिसऱ्या ग्लासापर्यंत

मंडळी, बरेच दिवस नोंद टाकली नव्हती, कारण सांगतो. २००९ ला पुण्यात डूलाली हा स्वतः बियर बनवणारा पब सुरू झाला तेव्हापासून चाखलेल्या बियरची माझी वही चालू आहे, त्यात आयपीए, विटबियर, स्टाउट, अगदी सावर असे सगळे प्रकार पण झाले, पण राउखबियर म्हणजे धुराची बियर या रकान्यात कायम भोपळा. आतेभाऊ (आमचा दादा) जर्मनीत न्यूरेंबर्गला नोकरीला असतो, मे मध्ये त्याच्याकडे गेलो आणि तिथून पाऊण तासाच्या ट्रेनवर बामबेर्ग, मग काय, चार दिवसांपैकी तीन तिथेच गेले (वहिनी अजून बोलत नाहीये नीट).

पहिला मुक्काम अर्थातच श्लेंकर्ला, धुराच्या बियरसाठी प्रसिद्ध असलेला तिथला जुना पब. या जागेची नोंद १४०५ पासून सापडते म्हणे. काळपट लाकडी तुळया, लांब टेबलं, अनोळखी माणसांना खेटून बसायचं, आणि बियर लाकडी पिंपातून थेट ग्लासात, मध्ये पंप नाही गॅस नाही, नुसती तोटी ठोकायची आणि वजनानेच ओतायची. मी सवयीप्रमाणे टेस्टर प्लॅटर (चाखायला छोट्या ग्लासांचा संच) आहे का विचारणार तेवढ्यात दादाने कोपर मारलं. इथे अर्धा लिटर. फ्रँकनी बोलीत त्याला सायडला म्हणतात.

पहिला घोट घेतला आणि खरं सांगतो, आजोळ आठवलं. न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब पेटलाय, ओली लाकडं धुमसतायत आणि त्याच धुरातून बालदी भरून आत न्यायचीय, हुबेहूब तो वास. दादाला म्हणलं, "अरे दादा, हे तर बंबातलं पाणी आहे!" तो म्हणाला "गप पी, तिसऱ्याला बोल."

तर ही म्हण तिथे सगळेच ऐकवतात, की पहिला आवडत नाही, दुसरा चालतो, तिसऱ्याला कळतं. म्हणलं वहीत तपासूच. दर ग्लासाला धूर किती जाणवतो त्याला दहापैकी मार्क. बियर मेर्त्सन, म्हणजे त्यांची मुख्य धुराची बियर, अल्कोहोल ५.१ टक्के. पहिला ग्लास ९, दुसरा ६, तिसरा ३. आणि तिसऱ्यात धुराच्या मागे काय आहे ते पहिल्यांदा दिसलं, पावाच्या करपलेल्या कडेसारखं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), आणि शेवटाला चक्क कोरडी कडसर चव. जादू वगैरे काही नाही, नाक एका वासाला सरावलं की मेंदू तो बाजूला सारतो, मासळी बाजारात दहा मिनिटांनी जसं होतं तसं. पण तीन ग्लास म्हणजे दीड लिटर, त्यामुळे तिसऱ्याच्या मार्कांवर कितपत विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

धूर येतो कुठून, तर बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर माल्ट वाळवतात. पूर्वी बहुतेक ठिकाणी माल्ट उघड्या आगीवर वाळायचं म्हणजे बहुतेक बियरला थोडाफार धूर असणारच, मग भट्ट्या सुधारल्या, धूर वेगळा काढता यायला लागला आणि जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. बामबेर्गमध्ये श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल हे दोन बियर कारखाने हटून बसले, आजही स्वतःचं माल्ट स्वतःच धुरी देऊन करतात. श्पेत्सियाल १५३६ चं, धूर पुष्कळ सौम्य (माझे मार्क ५), नवख्या माणसाला मी आधी तिथे नेईन. आणि बरोबर समोरच फेस्ला, तेही बियर बनवणारं, १६४९ चं, तिथे धूर नाही, म्हणजे रस्ता ओलांडला की जीभ धुवून निघते.

सगळ्यात डोकं खाल्लं ते श्लेंकर्लाच्याच हेलेसने, म्हणजे फिकट रंगाच्या बियरने. त्यात धुराचं माल्ट घालतच नाहीत, तरी हलका धूर लागतोच, कारण भांडी तीच आणि यीस्टही मेर्त्सनमधलंच. आदल्या रात्री बोंबील भाजलेल्या तव्यावर सकाळी पोळी केली की कसं होतं, तसंच. मला मेर्त्सनपेक्षा हीच जास्त आवडली, शिव्या घाला.

दुसऱ्या दिवशी वुंडरबुर्ग भागात मार्स ब्रॉय हा आणखी एक बियर कारखाना. तिथे मागायचं फक्त "आ ऊ", मला तर कोणी आऊसाहेबांना हाक मारतंय असंच वाटलं. ऊ म्हणजे उनगेश्पुंडेट, पिंपाला बूच न ठोकता मुरवलेली, गॅस निघून जातो त्यामुळे पोट फुगत नाही. समोर केसमान हा दुसरा कारखाना, त्यांची पिल्सनर (फिकट, कडसर प्रकारची बियर) एकदम स्वच्छ आणि कोरडी, नोंद संपली.

एक फजिती पण लिहितो. एका ठिकाणी, नाव नको, रिकामं टेबल दिसलं म्हणून ऐटीत बसलो, पाच मिनिटांत तीन आजोबा येऊन डोक्यावर उभे. ते श्टामटिश निघालं, म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकांचं राखीव टेबल, वर पाटी होती, मी वाचली नाही. उठलो, पण त्यातल्या एका आजोबांनी शेजारच्या बाकावर जागा करून दिली आणि दादाला दुभाषा करून माझी वही बघत बसले. धुराला ९ मार्क बघून खो खो हसले.

शेवटची संध्याकाळ केलरवर. केलर म्हणजे तळघर, पण टेकडीत बियर गार ठेवायला खोदलेल्या तळघरांच्या वर, झाडांखाली बाकं टाकलेली असतात म्हणून तिथले लोक "केलरवर जाऊ" म्हणतात, "केलरमध्ये" नाही. बऱ्याच ठिकाणी खाणं आपलं आणलं तरी चालतं, आम्ही आधी विचारलं आणि मग पुण्याहून आणलेली बाकरवडी काढली. गोड, तिखट, खसखस आणि वर धुराचा घोट, ही जोडी माझ्याकडून ८ मार्क. शेजारच्या काकूंनी दोन घेतल्या, तिसरी मागितली.

येताना अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या बॅगेत, बरोबर दोन लिटर, कस्टमच्या हिशोबात बसवून. घरी पहिली उघडली तर आई आतल्या खोलीतून ओरडली, "काय जळतंय रे?"

पहिल्याच ग्लासाला धूर ४. तीन बाटल्या उरल्यात, त्यातली एक पापलेट फ्रायबरोबर, बाकीच्या दोन कशाबरोबर ते सुचवा.