दिव्यांग दीन

अधीक्षकांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "नवीन मॅडम हजर झाल्यात, त्यांना दिसत नाही. तुमचा तो बोलणारा कॉम्प्युटर बसवून द्या." २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांचा. मॅडम त्या जागेवर लिपिक म्हणून आल्या होत्या.

बोलणारा कॉम्प्युटर म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर निराळा आणि आपण बोललेलं ऐकून काम करणारी सोय निराळी. पहिल्यात मशीन बोलतं, दुसऱ्यात माणूस. दोन्ही एकाच टेबलावर आल्या की एकमेकींच्या पायात येतात, आणि त्या दिवशी सकाळचे दोन तास त्यातच गेले.

मशीन विंडोज ११चं होतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने त्याची सुरुवात केली. तो बसवायला दहा मिनिटं पुरली. त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या मजकुराचा आवाज करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी आवाज असतो. कानाला पत्र्यासारखा लागतो, पण वेग वाढवला तरी शब्द गिळत नाही, म्हणून रोज वापरणारे गोड आवाजापेक्षा तोच ठेवतात. मॅडमनी वेग ७०वर नेला. शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांना त्यातलं अक्षरही कळेना.

अधीक्षकांना मात्र व्हॉइस ॲक्सेस हवं होतं, म्हणजे तोंडी हुकमावर खिडक्या उघडणारं. ते लावून दाखवलं. 'शो नंबर्स' म्हटलं की पडद्यावरच्या प्रत्येक बटणाला आकडा चिकटतो आणि आपण तो आकडा उच्चारायचा. हात चालत नाहीत पण डोळे शाबूत आहेत, अशा माणसासाठी ही सोय उत्तम. ज्यांना आकडाच दिसत नाही त्यांनी उच्चारायचं काय? मॅडम हसून म्हणाल्या, "सर, ते राहू द्या. मला टायपिंगला वेळ लागतो, तेवढं बोलून झालं तरी खूप आहे."

ते विंडोजमध्येच आहे. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा मराठीवर आणायची, कर्सर वर्डमध्ये ठेवायचा, विंडोज आणि एच दाबायचं आणि बोलायचं. आवाज इंटरनेटवरून जाऊन ओळखून येतो, त्यामुळे लाइन गेली की टायपिंगही गेलं.

पहिलं पत्र अर्जित रजेचं. मॅडमनी विषय सांगितला, नीट उमटला. मग तपासायला त्यांनी इन्सर्ट धरून वरचा बाण दाबला, म्हणजे चालू ओळ वाचली जाते. एनव्हीडीएने ती स्पीकरवर वाचली, माइक चालूच होता, आणि तीच ओळ पुन्हा टाइप झाली. खालच्या बाणाने त्या रिकाम्या ओळीवर गेल्या. रिकामी ओळ लागली की एनव्हीडीए 'ब्लँक' म्हणतो. तेही उतरलं. पाचेक मिनिटांत पत्रात 'अर्जित रजा मंजुरीबाबत' तीनदा आणि मधेमधे देवनागरीत 'ब्लँक' असा मजकूर तयार होता.

अशा वेळी पहिला मोह होतो तो इन्सर्ट आणि एस दाबून एनव्हीडीए गप्प करायचा. ते टाळावं. त्या बटणाने बोलणं बंद, नुसते बीप, असे प्रकार फिरत राहतात. परत बोलतं करायचं विसरलं की मशीन अडकलं असं वाटून माणूस ते रीस्टार्ट करत बसतो. चालू वाक्य तोडायला नुसतं कंट्रोल पुरतं. खरा उपाय हेडफोनचा. मॅडमकडे ब्लूटूथवाला होता, पण त्यातला माइक सुरू झाला की तो फोनकॉलच्या मोडमध्ये जातो, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि वाक्याची पहिली एक-दोन अक्षरं कापली जातात. वायरचा यूएसबी हेडसेट आणला. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये आवाजाचं आउटपुट त्या हेडसेटवर बांधून टाकलं. शिस्तही ठरवली: माइक चालू, एक वाक्य, माइक बंद, मग ओळ ऐकायची. बोलून उमटलेला मजकूर एनव्हीडीए आपण होऊन वाचेलच असं नाही, त्यामुळे ही चौथी पायरी गाळून चालत नाही.

दुपारी ३ डिसेंबरच्या कार्यक्रमाचं परिपत्रक आलं. मॅडमनी सांगितलं, तीनदा ऐकलं, प्रिंट दिली. अधीक्षकांनी कागद वाचला आणि नुसताच माझ्यापुढे सरकवला. विषय होता, 'जागतिक दिव्यांग दीन साजरा करणेबाबत'. मजकुरात आणखी तीन ठिकाणी तेच.

मॅडमची यात काहीच चूक नव्हती. मराठीत दिन आणि दीन बोलताना जवळजवळ सारखेच. ऐकून लिहिणारं यंत्र शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधतं; त्या 'दिव्यांग' म्हणून क्षणभर थांबल्या की 'दिन' एकटा पडतो आणि वेलांटी कुठलीही लागते. वाचून दाखवणारं यंत्र मग तो दीन ७०च्या वेगाने वाचतं, तेव्हा कानाला कळायला काही मार्गच उरत नाही. डोळस माणूस ही चूक लांबूनही पकडतो. सूत-सुत, शीर-शिर, की आणि कि, सगळ्यांची हीच गत.

म्हणून बोटं लागतातच. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत पहिली वेलांटी एफवर आहे, म्हणजे डाव्या तर्जनीखाली जो उंचवटा लागतो नेमका त्यावर. दुसरी त्याच्या वर आरवर. द ओवर, न व्हीवर. 'दिन' म्हणजे ओ, एफ, व्ही. 'दीन' म्हणजे ओ, आर, व्ही. दृष्टिहीन माणसाला एवढी सोपी खूण दुसऱ्या मराठी कीबोर्डवर मिळायची नाही, असं माझं मत. मॅडमनी चार-पाच वेळा बोट एफवरून आरवर नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "हे ऐकावं लागतच नाही."

मग कंट्रोल आणि एच, म्हणजे वर्डमधली शब्द शोधून बदलायची खिडकी. वरच्या चौकटीत दीन, टॅब, खालच्या चौकटीत दिन. ऑल्ट आणि ए दाबलं की सगळे एकदम बदलतात आणि किती बदलले तो आकडाही ऐकू येतो, पण सावध राहावं लागतं: यादीत एखादे दीनानाथ असले तर त्यांचे दिनानाथ होतात. मी सुचवलं, दीनच्या मागेपुढे एकेक स्पेस द्या, दोन्ही चौकटींत. तसं केलं. तीन बदलले.

"चार होते ना?" मॅडमनी विचारलं. मी कागद पाहिला, चारच होते. त्यांनी कंट्रोल आणि एच पुन्हा उघडलं, या वेळी शब्दानंतरची स्पेस काढली आणि ऑल्ट, एफने एकेक शोधत गेल्या. चौथा शेवटच्या परिच्छेदात होता, स्वल्पविराम चिकटलेला.