हातभर दोरा आणि लाल-पिवळे ब्रश

"काकू, शिवणकाम करता का?"

मी दातांच्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत आडवी, आ वासलेला, डोळ्यांवर तो पांढरा दिवा. बोलता येईना म्हणून मान हलवली.

"वाटलंच. वरच्या पटाशीच्या दाताला बारीक खाच पडलीय. दोरा दातानं तोडता ना?"

बावीस वर्षं मी क्लासच्या मुलींवर ओरडतेय की दोऱ्याला कात्री लावा, दात लावू नका. आणि घरी रात्री फॉल लावताना कात्री शोधायचा कंटाळा येतो. चोरी मिरजेत पकडली गेली.

एरवी मी इथं कटोरी ब्लाऊज, बाहीची गोलाई असलं लिहिते. आज दातांवर लिहितेय, कारण माझ्या शिलाईच्या डबीतले बारके ब्रश बघून गेल्या महिन्यात तिघींनी विचारलं, "ताई, हे कसले?" तिघींना तीनदा सांगून झालं, आता एकदाच लिहून टाकते.

झालं असं की उजवीकडच्या खालच्या दाढेत जेवलं की काहीतरी अडकायचंच. मटण असो, मेथी असो, भाजलेलं कणीस असो. मी काडी घालायची. काडी म्हणजे हाताला लागेल ती: काडेपेटीतली, खराट्याची, एकदा तर टाचणीसुद्धा. आमच्या सासूबाईंच्या बांगडीत सेफ्टी पिन कायम अडकवलेली असते, ते त्यांचं सगळ्या कामाचं हत्यार. साडीला तीच, नाडी ओवायला तीच, दातालाही तीच. घरात आजेसासऱ्यांच्या वेळचं चांदीचं कानकोरणं-दातकोरणंही आहे, एका कडीत दोन्ही ओवलेली. म्हणजे दात कोरणं हे आमच्याकडे पिढीजात. मग चूळ भरताना लाल दिसायला लागलं, तरी मी दोन महिने मीठ-पाण्यावर काढले. शेवटी बसमध्ये बसले आणि मिरज गाठली.

तिथं डॉक्टरांनी बारीक रेघा असलेली एक सळी घेतली आणि प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत हळूच टेकवत आकडे सांगायला लागल्या. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, पाच." शेजारची मुलगी लिहून घेत होती. मला एकदम ओळखीचं वाटलं. मी छाती-कंबर मोजते आणि समोरची मुलगी वहीत लिहिते, अगदी तसंच. फरक एवढाच की ही मापं मिलिमीटरमध्ये. दात आणि हिरडी यांच्यात खाच असतेच, तीनपर्यंत ठीक. चार-पाच आलं की हिरडी दातापासून सुटायला लागलीय असं समजायचं. माझ्याकडे पाच तीन ठिकाणी निघाले आणि तिन्ही दोन दातांच्या मधे. पुढून-मागून सगळं बरं होतं. ब्रश तिथंच पोचतो ना. फटीत तो जातच नाही, कितीही महागाचा घ्या.

स्केलिंग झालं, म्हणजे मशीननं दातांवरचं कीटण काढलं. घरी आल्यावर जीभ फिरवली तर खालच्या पुढच्या दातांत फटी! जाऊबाई म्हणाल्या, "बघ, सांगत होते, मशीन लावलं की दात हलतात." मी घाबरून फोन केला. डॉक्टर हसल्या. फटी आधीपासूनच होत्या, त्यात कीटण बसलं होतं. शिवाय सुजलेली हिरडी खाली बसली की जागा मोकळी दिसते. पटलं मला. जुन्या ब्लाऊजची अस्तराची घडी उसवली की खरं माप कळतं, तसं.

आता हत्यारांकडे येते.

पहिल्यांदा मी मेडिकलमधून आणले ते प्लास्टिकच्या दांडीवर ताणलेल्या दोऱ्याचे तुकडे. पुढच्या दातांना सोपे पडतात. पण दाढेपाशी दांडी आडवी येते, आणि एकाच एवढ्याशा दोऱ्यानं सगळं तोंड फिरायचं म्हणजे या फटीतली घाण त्या फटीत. प्रवासाला ठीक आहेत. माझे अर्धे पाकीट अजून पडून आहे.

मग फ्लॉसचं, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचं, रीळ आणलं. दोरा म्हटल्यावर मला वाटलं, हे तर आपलंच काम. खरं सांगते, त्याआधी एक दिवस घरच्याच शिलाईच्या दोऱ्यानं करून बघितलं होतं, कशाला पैसे घालवा म्हणून. हिरडी कापली. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. शिलाईच्या दोऱ्याला पीळ असतो, त्यामुळे तो गोल आणि टणक राहतो. फ्लॉसचे तंतू जवळजवळ बिनपिळाचे, फटीत गेले की पसरून चपटे होतात आणि दात पुसतात. घरी येऊन मी दोन्ही दोरे बोटांवर उसवून बघितले. बरोबर होतं. मेण लावलेला प्रकार घट्ट फटीत सहज सरकतो. आम्ही काज करताना दोऱ्यावर मेण ओढतो तेच तंत्र. वाचताना कळलं की या दोऱ्याचा पुरस्कार 1815 च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या लेव्ही स्पिअर पार्मली नावाच्या दंतवैद्यानं केला, आणि तेव्हा तो रेशमाचाच होता. नायलॉन आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. रेशीमवाल्याबद्दल मला उगाच जिव्हाळा वाटला.

दोरा किती घ्यायचा? सगळीकडे अठरा इंच लिहिलेलं असतं. अठरा इंच म्हणजे आपला एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. टेप लागतच नाही. दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा, मधे इंचभरच मोकळा ठेवायचा, आणि फट बदलली की एका बोटावरून सोडून दुसऱ्या बोटावर घ्यायचा, म्हणजे प्रत्येक फटीला कोरा दोरा. आत घालताना कचकन दाबायचं नाही. मी दाबला, म्हणून पहिल्या आठवड्यात नुसतं रक्त. हळू पुढेमागे करत उतरवायचा, आत गेला की एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून हिरडीच्या किंचित खालून वर पुसून आणायचा. मग त्याच फटीतला शेजारचा दात. तोही पुसायचा असतो, हे मला महिनाभर कळलंच नव्हतं.

आणि इथं ती दाढ सापडली.

त्या उजव्या दाढेपाशी दोरा दर वेळी फुटायचा. तंतू सुटून अडकायचे. दुसऱ्या कुठल्याच फटीत नाही, तिथंच. आता मशीनवर दोरा एकाच जागी फुटत असला तर बाई काय करते? दोरा बदलत बसत नाही. सुई बघते, सुईच्या नाक्यावर बोट फिरवते, प्लेटला कुठं खरचटलंय का बघते. कुठंतरी धार आलेली असते. मी परत मिरजेला गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, या जागी काहीतरी धारदार आहे." एक्स-रे काढला. आठ वर्षांपूर्वी दुसरीकडे त्या दाढेत सिमेंट भरून घेतलं होतं, कुठं ते जाऊ द्या. त्याची कड फटीत बाहेर आली होती, शिवाय शेजारच्या दाढेशी ती नीट टेकतही नव्हती. त्या सैल जागेतून प्रत्येक घास खाली दाबला जायचा आणि कडेखाली साठायचा. आठ वर्षं मी काड्या घालत बसले! जुनं काढून नवीन भरलं. त्या रात्री मुद्दाम मटण केलं. उजव्या बाजूनं चावलं. काही अडकलं नाही. नवरा विचारतोय मीठ कमी पडलंय का, आणि मी जीभ फिरवत बसलेय.

म्हणून एकाच जागी रोज अडकत असेल तर नवीन हत्यार विकत घेण्याआधी ती जागा दाखवून घ्या बायांनो.

पाच माप आलेल्या उरलेल्या दोन फटी मात्र दोऱ्याला दाद देईनात. कारण डॉक्टरांनी प्लास्टरच्या दातावर दाखवलं. हिरडी खाली गेली की दाताचं मूळ उघडं पडतं, आणि दाढांच्या मुळाला बाजूनं पन्हळीसारखा खळगा असू शकतो. ताणलेला दोरा खळग्याच्या दोन्ही काठांवरून जातो, तळाला लागतच नाही. तिथं केस असलेला ब्रश हवा. बाटली घासायच्या ब्रशचं पिल्लू म्हणा, मधे तार आणि भोवती केस.

याची मापं असतात. स्वीडनच्या टेपे कंपनीचे ब्रश तारेच्या जाडीप्रमाणे रंगवलेले: गुलाबी 0.4 मिमी, नारिंगी 0.45, लाल 0.5, निळा 0.6, पिवळा 0.7, हिरवा 0.8, आणि पुढे काळा 1.5 पर्यंत. दुसऱ्या कंपनीचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून नुसता रंग लक्षात ठेवून दुकानात गेलात तर फसाल. पाकिटावर 0 ते 8 मधला आकडा असला तर तो बघा. मी पहिल्यांदा अंदाजानं जाड आणला, दाबून घातला आणि तार वाकली. मलमलीला अकरा नंबरची सुई, जीन्सला सोळा, हे मी मुलींना पाठ करून घेते आणि स्वतःच्या तोंडाला एकच नंबर लावायला निघाले होते. डॉक्टरांनी एकेक घालून बघितला. केस थोडे घासले पाहिजेत, तार दाताला लागता कामा नये, जोर लावावा लागला की तो नंबर मोठा. मला एका फटीला लाल, दोन दाढांमधे पिवळा. पुढच्या दातांत कुठलाच जात नाही, तिथं दोराच. एका तोंडाला तीन हत्यारं, पण रात्री सगळं मिळून चार-पाच मिनिटांचं काम.

एक छोटी युक्ती मात्र कुणी सांगत नाही. मागच्या दाढेला ब्रश घालताना तोंड मोठं उघडू नका. गाल ताणला जातो आणि हाताला जागाच राहत नाही. अर्धवट मिटा, गाल सैल सोडा, मग जातो. पेस्ट लागत नाही. केस झडले किंवा तार वाकली की तो परत तोंडात घालायचा नाही.

मधेच दिरांनी व्हॉट्सॅपवर पाठवलं, 'फ्लॉस निरुपयोगी, अमेरिकेतच काढून टाकलं.' बातमी 2016 ची, तिचा गाभा पुरावा कमजोर आहे एवढाच होता. मग 2019 मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनं, 35 अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या ब्रशपेक्षा जोडीला फ्लॉस किंवा हे फटीतले ब्रश वापरले तर हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, आणि फटीतले ब्रश कदाचित दोऱ्यापेक्षा सरस, असं निघालं. पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनीच लिहिलंय. मला माझ्या मापांची वही पुरते.

पाण्याच्या मशीनचं राहिलं. मुलानं बंगळुरूहून पाठवलं. पहिल्या दिवशी मी आधी बटण दाबलं आणि मग नळी तोंडात घातली, आरसा, भिंत, नवऱ्याचा टॉवेल सगळं धुऊन निघालं. ओठ मिटून बेसिनवर वाकायचं आणि मग बटण. अडकलेलं छान निघतं, पण दाताला चिकटलेला थर घासूनच काढावा लागतो असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, म्हणून मी ते सोडलं. सासूबाईंना दिलं. त्यांना खाली तीन दातांचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं पक्का बसवलेला खोटा दात, आहे, त्याच्याखालून ओवायला टोक कडक असलेला खास दोरा मिळतो, पण त्यांचे हात थरथरतात. आता रोज रात्री, "अगं, माझी पिचकारी कुठं ठेवलीस?" पिन बांगडीत अजून आहे. साडीपुरती आहे म्हणतात. मी डोळा ठेवून आहे.

तीन महिन्यांनी परत मापं झाली. दोन ठिकाणचे पाच तीनवर आले, एक चारवर अडलाय. "चारवाल्याला जास्त वेळ द्या," म्हणाल्या, आणि माझ्या पटाशीच्या खाचेकडे बघून, "कात्री घेतली का?" गळ्यात दोरी बांधून अडकवलीय, म्हटलं.

झडलेले ब्रश मी फेकत नाही, ते गरम पाण्यानं धुऊन शिलाईच्या डबीत टाकते, म्हणून तर तिघींना दिसले. मशीनच्या दात्यांमधे लोकरीचा आणि टेरिकॉटचा जो भुगा बसतो ना, प्लेट काढली की तो पिवळ्या ब्रशनं झक्कास निघतो. बॉबिन केसला लाल.