तांबडे न दिसणारी फिल्म: पंचगंगा घाटावरचे दोन रोल

पंचगंगा घाटावरच्या काळ्या दगडी पायऱ्या, दीपमाळा आणि त्यांवर पडणारे कोवळे ऊन मधल्या करड्या छटा जवळजवळ पुसून, निव्वळ काळ्यापांढऱ्यात टिपावे, अशी माझी बऱ्याच दिवसांची इच्छा होती. त्यासाठी मी इल्फर्डची ऑर्थो प्लस ही फिल्म निवडली. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मला सगळे रंग कमी-अधिक दिसतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला मात्र निळा आणि हिरवा दिसतो, तांबडा दिसत नाही. त्यामुळे तांबडे लुगडे, कपाळावरचे कुंकू, तालमीतली माती हे सारे काळे उमटते आणि निळे आभाळ पांढरे पडते. मूकपटांच्या काळात बहुतेक चित्रीकरण याच जातीच्या फिल्मवर होत असे, आणि ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला, तिथे आपण ही फिल्म घरी धुवावी याचे मला मनापासून अप्रूप होते.

पहिला रोल मी एप्रिलमध्ये, सूर्य उगवल्यापासून तासाभरात, डबीवरच्या ८० आयएसओवर (हा फिल्मचा वेग, म्हणजे तिला उजेड किती चटकन दिसतो ते) उजेड मोजायचा मीटर ठेवून संपवला. धुतल्यावर निगेटिव्ह (जिथे उजेड पडला तिथे काळी, अंधार तिथे कोरी) इतकी फिकी निघाली की पायऱ्यांच्या जागी जवळजवळ कोरी फिल्म होती. मी आधी डेव्हलपरवर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनावर, संशय घेतला, मग थर्मामीटरवर. शेवटी, पूर्वी महाद्वार रोडवर स्टुडिओ चालवणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडे ती पट्टी घेऊन गेलो. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. पट्टी खिडकीकडे धरून त्यांनी विचारले, "किती वाजता काढलंस?" वेळ सांगताच म्हणाले, "मग बरोबर हाय की. सकाळचं ऊन तांबडं असतंय. तुझ्या फिल्मला तांबडं दिसतच न्हाई, तर तिला अंधारच दिसणार."

बल्बच्या पिवळ्या उजेडात या फिल्मचा वेग ४० धरावा, म्हणजे उजेड दुप्पट द्यावा, असे कंपनीच सांगते, आणि मी ते वाचलेही होते. पण उगवतीचे ऊनही त्याच जातीचे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मीटर तो तांबूस उजेड मोजतो, फिल्मला तो पोहोचत नाही. आणि सावलीत जे उमटलेच नाही ते डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून परत येत नाही. वेळ वाढवली की दाट होतात ते मुख्यतः उजळ भाग. कॉन्ट्रास्ट वाढवायचा मार्ग तोच आहे, पण सावलीला तिचा वाटा आधी मिळालेला असला पाहिजे.

दुसऱ्या रोलला मी सकाळच्या उन्हात ४० धरले. पायरीच्या सावलीतल्या अंगावर मीटर धरायचा आणि तो सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी द्यायचे, एवढा एकच नियम पाळला, कारण मीटर काळ्या दगडालाही करडाच समजतो.

या फिल्मची घरी मोठी सोय अशी की ती गडद तांबड्या सेफलाइटखाली, म्हणजे फिल्मला न दिसणाऱ्या दिव्याखाली, हाताळता येते. तरीही बाजारातला कोणताही तांबडा दिवा चालेल, असे मानू नये. मी न्हाणीघरात दिवा लावून फिल्मच्या एका तुकड्यावर रुपयाचे नाणे पाच मिनिटे ठेवले आणि मग तो तुकडा धुतला. नाण्याची कड कुठेही उमटली नाही, तेव्हाच रोल उघडला. एरवी उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगमध्ये हात घालून, चाचपडत टँकचे रीळ भरावे लागते. इथे फिल्मची कड खाचेत सरकताना डोळ्यांना दिसत होती.

खरा त्रास पाण्याचा. एप्रिलमध्ये नळाचे पाणी २९ अंशांच्या आसपास होते आणि मला २० हवे होते. आयडी-११ या डेव्हलपरच्या दोन्ही पुड्या आदल्या रात्रीच विरघळवून ठेवल्या होत्या. ती बाटली बर्फाच्या पातेल्यात बसवली, आणि पुढची पाणीही त्याच तापमानाला आणली. टँक दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा उलटासुलटा केला. माहितीपत्रकातल्या वेळेत मी जाणूनबुजून एक चतुर्थांश वाढ केली. मग साधे पाणी, आणि त्यानंतर चित्र पक्के करणारा हायपो. हायपोची वेळ मी रोलच्या कापलेल्या टोकावर ठरवतो: ते टोक पारदर्शक व्हायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट. शेवटचे पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, कारण नळाच्या पाण्याचे पांढरे डाग फिल्मवर वाळले की काढणे जिवावर येते.

न्हाणीघरातल्या दोरीला चिमटा लावून, खाली वजनाला दुसरा चिमटा अडकवून फिल्म टांगली आणि दार लावून घेतले. दोन तासांनी भिंग घेऊन बसलो. घाटावर एक आजी तांबडे लुगडे पिळत होत्या, ती फ्रेम आधी शोधली. निगेटिव्हमध्ये लुगडे काचेसारखे स्वच्छ होते, त्यातून निथळणाऱ्या पाण्याची धार दाट काळी होती, आणि त्यांच्या पायाखालच्या पायरीच्या सावलीत टाकीचे घाव मोजता येत होते.