भांडुप ते दादर, एकदा गेटवरून परत

दरवर्षी श्रावणात मी दारू बंद ठेवायचो. महिनाभर थेंब नाही. त्यामुळे आपण बेवडे नाही याचा पुरावा वर्षाला एक याप्रमाणे जमत गेला होता. यंदा गटारी झाली आणि तिसऱ्याच संध्याकाळी मी स्टेशनाबाहेरच्या क्वार्टर बारमध्ये उभा होतो. बायको काही बोलली नाही. बोलली असती तर भांडून मोकळा झालो असतो.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., हा दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट. त्याचा नंबर इंटरनेटवर लगेच मिळतो. मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "दादा, आत्ता प्यायलायत का?" मी म्हटलं, "नाही. म्हणजे, दुपारी." "बरं. रोज पिता का? सकाळी हात थरथरतात?" थरथरायचे. मग त्याने आधी डॉक्टरकडे धाडलं. हे नीट वाचा : रोज पिणाऱ्याने मनाच्या हिय्यावर एकदम सोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, नसलेलं दिसायला लागतं, जिवावरही बेततं. केईएम, सायन, नायर, कुठल्याही मोठ्या महापालिका किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा आणि किती पिता ते खरं सांगा. मी निम्मं सांगितलं. डॉक्टरांनी बहुधा दुप्पट करून लिहिलं. फोन कुठे करावा कळत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, 14446, पैसे पडत नाहीत.

ए.ए.च्या मीटिंगा मुंबईभर असतात. मराठी, हिंदी, इंग्रजी. भांडुपजवळची सोडून मी दादरची निवडली, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. (त्याच भांडुपात रात्री रिक्षावाल्याच्या खांद्यावर घरी आलेलो आहे, तेव्हा ओळखीच्यांची लाज वाटली नव्हती.) फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या. एक, भाषा. दुसरी, मीटिंग ओपन की क्लोज्ड. ओपनला घरचं माणूस सोबत बसू शकतं. क्लोज्ड फक्त पिणं सोडू पाहणाऱ्यांसाठी.

पहिल्या गुरुवारी दादर पश्चिमेला उतरलो, फुलबाजारातून वाट काढत मीटिंग भरते त्या महापालिकेच्या शाळेपर्यंत पोचलो. वॉचमनने विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "कुठे नाही," आणि परत. पुढच्या गुरुवारी त्याने विचारलंच नाही. माझ्याकडे एकदा बघून म्हणाला, "दुसरा मजला, डावीकडे."

वर्ग तिसरीचा असावा. बाक इतके बुटके की गुडघे छातीला. फळ्यावर सातचा पाढा, त्यावर कापडी फलक टांगलेला, ए.ए.च्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारू सोडण्याच्या टप्प्यांचा. वीसेक माणसं. टाय लावलेला एक, गोदीतला एक, दोन बायका. चहा आधीच आला. कप अर्धा भरून घ्या, हात हलत असेल तर सांडत नाही. मला हे शेजारच्याने न बोलता करून दाखवलं.

नाव, गाव, नोकरी कोणी विचारत नाही. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी एक पिशवी फिरते, खर्चासाठी. नवीन माणसाने त्यात टाकायचं नसतं. प्रार्थना होते, पण देव तुमचा तुम्ही ठरवायचा. मला ते जरा अवघड गेलं, अजूनही जातं. मधे कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" म्हटलेलं चालतं. मी तेच म्हटलं.

शेजारच्याने ए.ए.ची जन्मकथा सांगितली. अमेरिकेतल्या अॅक्रन गावातला डॉक्टर बॉब, सर्जन. ऑपरेशनच्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून त्याला एक बियर दिली गेली. ती त्याची शेवटची. 10 जून 1935 ही तारीख ए.ए. आपला जन्मदिवस मानते. सर्जनचेही हात थरथरायचे, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मग गोदीतले काका बोलायला उभे राहिले. "मी अकरा श्रावण पाळले," ते म्हणाले, "आणि अकराही वेळा गणपती बसायच्या आधी उट्टं काढलं." सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही. माझे चौदा होते.

निघताना दोघांनी स्वतःचे नंबर दिले आणि प्यावंसं वाटेल तेव्हा पिण्याच्या आधी फोन कर म्हणून बजावलं. घरच्यांसाठी अॅल-अॅनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात, तेही कळलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी तुम्ही चार वेळा जाऊन या."

येतानाचा रस्ता मात्र जाण्याआधीच ठरवून ठेवा. संध्याकाळची मीटिंग सुटते तेव्हा बार ऐन भरात असतात आणि आपण फार शहाणे झालोय असं वाटत असतं. भांडुपला मी नेहमीचा पूल सोडून दुसऱ्या पुलाने उतरलो. रिक्षाला वळसा पडला, तीस रुपये जास्त गेले.