नागमोडी

बालाघाटाच्या डोंगरातून उतरणाऱ्या रस्त्यावर ‘पुढे नागमोडी वळण आहे’ अशी पाटी दिसली, की एसटीत पेंगणारा प्रवासीही नकळत पुढच्या सीटची दांडी धरतो. पाटीवर ‘वळण’ असे एकवचन असले तरी एका वळणाने काही नागमोडी होत नाही. डावीकडे गेलेली वाट उजवीकडे आणि तिथून पुन्हा डावीकडे वळली पाहिजे, तीही कुठे कोपरा न करता. प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी दिसेल त्या घाटाला हे विशेषण चिकटवून ते पार झिजवून टाकले, ही माझी जुनी तक्रार आहे.

नवल असे, की शब्दात नाग असूनही त्यात विष नाही. माणूस वाकड्या चालीचा असतो, आढेवेढे घेतो, आडवळणाने बोलतो. पण कोणाला ‘नागमोडी माणूस’ म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही. हा शब्द राखून ठेवलेला आहे तो पायवाटेसाठी, साडीच्या काठावरच्या वेलीसाठी आणि नदीसाठी. आमची मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे उगम पावते, लातूरच्या बाजूने आग्नेयेकडे निघून जाते आणि तेलंगणात शिरल्यावर चक्क उत्तरेकडे वळून, 724 किलोमीटरची वाटचाल संपवून गोदावरीला मिळते. त्या वाटचालीला दुसरा कोणता शब्द वापरावा?

आपण रस्त्याला सापाचे नाव दिले, तर संस्कृताने सापाला त्याच्या चालीवरून नावे दिली. सरपटतो तो सर्प, छातीने चालतो तो उरग, पायांनी चालत नाही तो पन्नग, आणि वाकत वाकत जातो तो भुजंग. त्या भुजंगाच्या गतीवरून भुजंगप्रयात हे वृत्त आले. शाळेत गणांची खूणगाठ म्हणून शिकलेला ‘यमाचा’ हा शब्द चार वेळा म्हणावा, की त्याची एक ओळ होते: एक लघु, दोन गुरू, पुन्हा एक लघु, दोन गुरू, अशी बारा अक्षरे. आमच्याच जालना जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, आणि ते म्हणताना लहान मुलांच्या माना आपोआप डोलू लागतात, हे मी कितीदा तरी पाहिले आहे.

ही चाल मला जवळून दिसली ती गावच्या घरात, एका पावसाळी रात्री. नव्याने बसवलेल्या गुळगुळीत फरशीवर एक धामण आली होती आणि जिवाच्या आकांताने वळवळत असूनही जागची फारशी हलत नव्हती. साप आपल्या अंगाच्या वळशांनी जमिनीवरच्या खडबडीवर, ढेकळांवर, गवताच्या बुडख्यांवर रेटा देतो, म्हणून तो पुढे सरकतो; रेटायला काही नसेल तर तेच वळसे वाया जातात. मी “साप! साप!” म्हणून ओरडत होतो आणि आजी शांतपणे म्हणाली, “रातच्याला नाव घेऊ नाही, लांबडं म्हणावं.” मग तिने दाराजवळचे पोते लांबूनच काठीने त्याच्यापुढे ढकलले. त्या खरखरीत गोणपाटावर अंग येताच धामण दोन झोक्यांत उंबरठ्याबाहेर गेली आणि अंगणातल्या ओल्या मातीवरून बघता बघता दिसेनाशी झाली.

सकाळी अंगणात तिची रेघ तशीच उमटलेली होती. चालता चालता बैल मुतला म्हणजे धुळीत जी रेघ उठते, तिला संस्कृतात गोमूत्रिका म्हणतात आणि काव्यातल्या एका चित्रबंधालाही तेच नाव आहे. ती रेघ थेट तशीच होती, दोन्ही बाजूंना सारख्या अंतराने वळत गेलेली. मी ती वाकून निरखत होतो, तेवढ्यात आजी शेणाच्या सड्याची बादली घेऊन आली आणि तिने मला बाजूला व्हायला सांगितले.