देवमाशांच्या तारखा, शाळेच्या सुट्ट्या आणि बाबांचं तिथीचं गणित

आईची अट एकच होती. गौरी विसर्जन झाल्याशिवाय ती घर सोडणार नव्हती. बाबांचीही एक होती: पितृपक्षातली आजोबांची पंचमी चुकता कामा नये. ती ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला आमच्या घरी केली तरी चालेल, पण त्या दिवशी प्रवास नको. आणि मला या दोघांना हर्वी बेला न्यायचं होतं, देवमासे दाखवायला.

गेल्या वर्षी, 2025च्या एप्रिलमध्ये, मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर पसरली. शेजारी क्वीन्सलँड या आमच्या राज्यातल्या शाळांच्या सुट्ट्यांचा कागद ठेवला आणि बसले. आपल्याकडे सहलीची तारीख रजा कधी मिळते त्यावर ठरते. या सहलीत ती पद्धत चालणार नाही, हे मला तासाभरात कळलं.

हर्वी बे हे ब्रिस्बेनच्या उत्तरेला साधारण 290 किलोमीटरवरचं समुद्रकाठचं गाव. गाडीने साडेतीन तास, वाटेत चहाला थांबलं तर चार. मकरवृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला असल्यामुळे थंडी बोचरी नसते. उन्हाळा मात्र दमट, डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पाऊस आणि वादळांचा. 2022च्या जानेवारीत शेजारच्या मेरीबरो गावात मेरी नदीला मोठा पूर आला होता, ते टीव्हीवर पाहिलेलं माझ्या लक्षात होतं. त्यामुळे 'आई-बाबांना नाताळच्या सुट्टीत बोलव, मुलालाही सुट्टी असते' हा सगळ्यांचा सल्ला मी पहिल्यांदा बाजूला ठेवला.

दुसरं कारण देवमासे. हंपबॅक देवमासे अंटार्क्टिकाकडून थंडीच्या सुरुवातीला उत्तरेला येतात, उबदार पाण्यात पिल्लं होतात, आणि परतीच्या वाटेवर ते या उपसागरात विसावा घेतात. समोर गारी हे लांबलचक वाळूचं बेट आडवं पडलेलं असल्यामुळे आतलं पाणी शांत. जुलैत त्यांची ये-जा सुरू होते. पण पिल्लांसह थांबलेल्या माद्या बघायच्या तर सप्टेंबर उत्तम, असं मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं. ऑक्टोबर संपता संपता सगळे दक्षिणेला निघालेले असतात.

मग जुळवाजुळव. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, गौरी विसर्जन 2 सप्टेंबरला. म्हणजे 5 तारखेचं मुंबईहून विमान, वाटेत सिंगापूर. 8 पासून पितृपक्ष, त्यात पंचमी. शाळेची सुट्टी 20 सप्टेंबरपासून, आणि ती लागली की तिथल्या खोल्यांचे भाव चढतात, समुद्रासमोरच्या जागा तर मिळतच नाहीत. उरले ते दिवस 14 ते 18. मुलाची चार दिवस शाळा बुडणार होती. मी त्याच्या बाईंना भेटून सांगितलं, त्यांनी परत आल्यावर वर्गात देवमाशावर बोलायला लावलं, एवढंच. आजी-आजोबांबरोबरच्या चार दिवसांसाठी शाळा बुडवली याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

व्हिसाचं काम मे महिन्यात केलं. अर्ज ऑनलाइन, त्यामुळे मीच इथून भरला. बाबा 76 वर्षांचे, म्हणून त्यांची वैद्यकीय तपासणी आली. ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे चालत नाही, नेमून दिलेल्या ठिकाणीच करावी लागते. हर्णैजवळच्या आमच्या गावातून त्यासाठी मुंबईला जाऊन येणं म्हणजे दोन दिवस, ते वेळापत्रकात धरा. व्हिसा ईमेलने येतो, पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत. आई ते पत्र तीन वेळा छापून तीन पिशव्यांत ठेवून आली.

औषधांचं मात्र नीट लक्षात ठेवा. तीन महिन्यांपुरती आणता येतात, मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आई नेहमी एका स्टीलच्या डबीत एकत्र ठेवते. तसं करू नकोस, हे मी फोनवर दोनदा सांगितलं. आणि खाण्याचं जे काही आणाल ते विमानातल्या कार्डावर 'होय' म्हणून लिहा. आईला पातोळ्यांसाठी हळदीची पानं आणायची होती. ताजी पानं चालणार नाहीत हे तिला पटवायला वेळ लागला. मेतकूट, कुळथाचं पीठ आणि गोडा मसाला तिने लिहून आणला, अधिकाऱ्याने उघडून पाहिला आणि पुढे जायला सांगितलं. लपवलं असतं तर दंड होता.

राहायच्या जागेत मात्र मी फसले. जूनमध्येच एका ठिकाणी पैसे भरून ठेवले होते. फोटोत समुद्र खिडकीतच आल्यासारखा दिसत होता. ऑगस्टमध्ये सहज फोन करून विचारलं, लिफ्ट आहे ना? नव्हती. जागा दुसऱ्या मजल्यावर, जिना बाहेरच्या बाजूने. बाबांचे गुडघे दुखतात हे मी अर्जातल्या रकान्यात लिहिलंही होतं, पण कोणी वाचलं नव्हतं. रद्द केल्यावर निम्मेच पैसे परत मिळाले. तेव्हापासून मी फोटो बघून जागा ठरवत नाही. फोन करून तीन गोष्टी विचारते: पायऱ्या किती, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, आणि स्वयंपाकाची सोय काय.

स्वयंपाकाची सोय आम्हाला लागणारच होती. पितृपंधरवड्यात आमच्याकडे मासे शिजत नाहीत आणि हर्वी बे तर मासळीचं गाव. शेवटी टॉर्की भागात तळमजल्याची, छोटा ओटा असलेली जागा मिळाली. समुद्र रस्ता ओलांडला की समोर. तिथला किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, लाटा जवळजवळ नाहीतच. काठाने चालायची सपाट वाट कित्येक किलोमीटर जाते, दर थोड्या अंतरावर बाक. वय झालेल्या माणसांना न्यायचं असेल तर या एका गोष्टीसाठी मी हर्वी बे सुचवेन. इतर प्रसिद्ध किनाऱ्यांवर लाटा बघायला छान, पण पाय बुडवायचे म्हटले तरी कोणीतरी हात धरावा लागतो.

आता भरतीबद्दल, कारण खरी मेहनत इथे लागली.

हर्वी बेत ओहोटीला पाणी खूप आत जातं. पोहायचं तर भरतीच्या आसपास. गारी बेटावर तर भरती-ओहोटीवरच सगळं चालतं. बेटाच्या पूर्वेचा लांब किनारा हाच रस्ता, त्यावरून गाड्या धावतात, आणि भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास तिथे गाडी घालू नका असं सांगितलेलं असतं. फोरव्हील गाडी भाड्याने घेऊन आपणच जायचं, असा नवऱ्याचा विचार होता. परवाना काढावा लागतो, मऊ वाळूत चाकांतली हवा कमी करावी लागते, खारं पाणी चुकवावं लागतं. हे सगळं आयुष्यात पहिल्यांदा, मागे दोन वृद्ध माणसं बसलेली असताना करायचं, हे मला पटेना. आम्ही उंच चाकांच्या बसची एक दिवसाची सहल घेतली. परवाना, भरती, वाट, सगळं त्यांच्यावर. बुकिंग करतानाच बाबांसाठी पुढची जागा मागून घेतली, कारण आतल्या वाळूच्या वाटांवर मागे बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात.

हे मी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगत होते, तर ते म्हणाले, "सोळा तारीख म्हणजे वद्य दशमी. दहाचे पाऊणपट साडेसात. साडेसातला पूर्ण भरती."

आमच्या किनाऱ्यावर हे गणित लहान मुलालाही येतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याचे पाऊणपट करायचे, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. मी हर्वी बेमधल्या युरँगनचा भरतीचा तक्ता उघडून बघितला. जुळेना. बाबा दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "अमावास्येची वेळ सांग. मग रोजचा फरक सांग." मी आकडे वाचत गेले आणि ते वहीत लिहीत गेले. रोज साधारण पाऊण तास पुढे, हे तस्संच होतं. सुरुवातीची वेळ तेवढी वेगळी, आणि ती प्रत्येक किनाऱ्याची वेगळी असते. "म्हणजे चंद्र तोच आहे," ते म्हणाले, "उंबरठा तेवढा वेगळा." शिवाय दशमी म्हणजे भांगाची भरती, उधाण नाही, पाणी फार चढणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. नंतर तक्त्यातली उंची पाहिली तर अमावास्येपेक्षा खरोखरच कमी होती. तिथून पुढे रोजचं वेळापत्रक बाबांनीच आखलं: पाण्यात कधी जायचं, चालायला कधी, जेवायला कधी.

15 तारखेची बोट सकाळची, अर्ध्या दिवसाची घेतली. पूर्ण दिवसाची स्वस्त पडते असं वाटतं, पण आईला बोट लागते. आदल्या रात्री आणि सकाळी तिला गोळी दिली, न्याहारीला नुसता मऊभात. देवमासा दिसला नाही तर पुन्हा फुकट नेऊ, असं बरेच बोटवाले सांगतात. त्याची मुदत विचारून घ्या, आणि म्हणूनच बोट सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका.

तासाभरात पाण्यावर धुरासारखा फवारा दिसला. बोटीला देवमाशाच्या 100 मीटरच्या आत जायची परवानगी नाही, म्हणून आम्ही लांबच थांबलो. पण तो स्वतःहून आला तर इंजिन बंद करून गप्प उभं राहायचं. ती आली. शेजारी पिल्लू. ती इतकी जवळ आली की तिचा श्वास आमच्या अंगावर पडला, सडक्या मासळीचा भपकारा, आणि डोक्यावरचे मुठीएवढे उंचवटे मोजता येतील एवढे स्पष्ट. बोटीवरची मुलगी सांगत होती की ही मादी महिनोन्महिने काही खात नाही, अंगातल्या चरबीवर पिल्लाला दूध पाजते, आणि आता त्याला घेऊन अंटार्क्टिकापर्यंत पोहत जाणार आहे. मी आईला मराठीत सांगितलं. आई कठडा घट्ट धरून बघत होती. म्हणाली, "बाळंतीण आहे गं ती. दमली असेल. इथे माहेरासारखी थांबलीय."

याच किनाऱ्यावर, ब्रिस्बेनसमोरच्या बेटावर, टँगलूमाला 1952 ते 1962 देवमाशांची कत्तल करणारा कारखाना होता. तो बंद झाला कारण मारायला देवमासेच उरले नव्हते, पूर्व किनाऱ्यावर जेमतेम काहीशे राहिले होते. आज ते पुन्हा हजारोंनी येतात. हे वाचलेलं होतं, पण ते पिल्लू आईच्या पाठीवर चढून घसरताना बघितलं तेव्हा मला रडू आलं.

गारी बेट दुसऱ्या दिवशी. नावाची स्पेलिंग 'क'पासून सुरू होते, पण तो उच्चारत नाहीत. पूर्वी फ्रेझर बेट म्हणत, 2023मध्ये बुचुल्ला लोकांचं मूळ नाव अधिकृतपणे परत आलं. वाळूचं जगातलं सर्वांत मोठं बेट आणि त्या वाळूत उभं असलेलं घनदाट जंगल. मॅकेन्झी तळं फक्त पावसाच्या पाण्याचं, काठची वाळू मिठासारखी पांढरी. बाबांनी ती चिमटीत घेऊन बोटांत चोळून पाहिली. किनाऱ्यावर 1935मध्ये वादळात येऊन रुतलेल्या माहेनो जहाजाचा गंजलेला सांगाडा आहे, तिथे दहा मिनिटं थांबलो. डिंगो, म्हणजे तिथले रानकुत्रे, लांबून एकच दिसला. मुलाला सतत हाताशी ठेवा आणि खाण्याचं काही उघड्यावर ठेवू नका, एवढं मी सांगेन.

17 तारीख मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. ती रिकामी ठेवल्याबद्दल नवरा कुरकुरला होता. त्या संध्याकाळी आम्ही युरँगनच्या धक्क्यावर गेलो. 1917मध्ये पूर्ण झालेला लाकडी धक्का, साखर आणि लाकूड जहाजांवर चढवायला त्यावरून आगगाडी जायची. आता 868 मीटर उरलाय, पूर्वी अकराशेच्या वर होता. बाबा दोनदा बसले आणि टोकापर्यंत चालले. तिथे एक म्हातारा गळ टाकून बसला होता. बाबांनी खांबावरच्या ओल्या रेषेकडे बोट दाखवून, होत्या तेवढ्या इंग्रजीत, पाणी कधी चढायला लागलं ते त्याला विचारलं. त्याने घड्याळ बघून सांगितलं. बाबांनी खिशातून वही काढली, त्यांनी लिहून ठेवलेली वेळ त्याला दाखवली. दहा मिनिटांचा फरक होता. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि बाजूला सरकून त्यांना बसायला जागा करून दिली.