तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं होऊनही चर्चला का जाते

‘एवढं होऊनही तुम्ही चर्चला जाता?’ स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, कॉलेज रोडला दुकानात गाठ पडली तरी विचारतात. एवढं म्हणजे काय, ते विचारणाऱ्यांना माहीत असतं. माझा धाकटा भाऊ २०१६ साली रक्ताच्या कर्करोगाने गेला, चाळिशीही न गाठता. मागे भावजय आणि पहिलीत जाणारी मुलगी. त्याच्यासाठी अख्ख्या नाशिकभर प्रार्थना झाल्या होत्या, हेही त्यांना माहीत असतं. खरं तर प्रश्न त्यातूनच येतो.

काही जण मायेने विचारतात. काहींच्या विचारण्यात ‘बघा, काय मिळालं तुम्हाला’ असा सूर असतो आणि तो मला ऐकू येतो. तिसरे आमच्यातलेच. ते उलटीकडून विचारतात, ‘ताई, चर्चला येता, मग साक्ष का देत नाही? देवाने यातून कसं तारलं ते मंडळीला सांगा की.’ सगळ्यांना एकदाच सांगून टाकावं म्हणून लिहितेय.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवते. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून मला हे निभवावं लागतंय, असं समजू नका. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच घ्या. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला तेव्हा त्या मागोमाग गेल्या नाहीत. आकांत केला, वेगळ्या राहिल्या आणि स्वतःला पटलं तेव्हाच आल्या. आमच्या घरात हे आदराने सांगितलं जायचं. मीही विचार करूनच राहिले आहे, एवढं तरी धरून चाला.

आता ती संध्याकाळ. केमोची दुसरी फेरी होऊन धाकटा घरी आला होता. तोंडात फोड आलेले, पेजसुद्धा गिळवत नव्हती. पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की कुणाला भेटायला येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी एका प्रार्थना गटाची माणसं आली. गटाचं नाव घेत नाही. मास्क लावून, तेलाची बाटली घेऊन आली. कुणी आजारी असेल तर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे. तसं त्यांनी त्याच्या कपाळाला तेल लावलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. त्यांच्यातल्या एका बाईंचा आवाज फार गोड होता. त्यांनी गीत म्हटलं तेव्हा त्याचा ताणलेला चेहरा सैल झाला, तो मी पाहिला. मग त्यांचे पुढारी त्याच्या पायाशी बसले आणि म्हणाले, ‘भाऊ, आशीर्वाद अडलाय. कुठलं तरी पाप लपून राहिलंय. कबूल करा, मोकळे व्हा.’ आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

मध्यरात्र उलटून गेल्यावर त्याने हाक मारली. उशीला टेकून बसला होता. मांडीवर रिपोर्टचं मोठं पाकीट पालथं घातलेलं आणि त्यावर पेन्सिलीने लिहिणं चाललेलं. मी चष्मा लावून वाचलं. आईच्या डब्यातून आठ आणे. संडे स्कूलच्या दानाचा रुपया, त्याची कुल्फी खाल्ली. कंपनीत शिकाऊ पोराला सगळ्यांसमोर वाटेल ते बोललो. बाबा ॲडमिट होते तेव्हा एका रात्री थांबायचा कंटाळा केला. या शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती. सुयांनी काळानिळा पडलेला हात कागदावर ठेवून तो म्हणाला, ‘ताई, हे असेल का गं? का आणखी काही आहे आणि मलाच आठवत नाहीये?’

लिहून दमला होता, पण थांबायला भीत होता. अजून एखादी गोष्ट राहून जाईल आणि तेवढ्यासाठी आपण मरू, असं त्याला वाटत होतं. मोजक्या उरलेल्या रात्रींतली एक त्याने अशी घालवली. हे मी माफ केलेलं नाही. ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करा, हे येशूचं वचन मला पाठ आहे, कुणी ऐकवायची गरज नाही.

मी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि आईबापांनीही नाही. मी तिथेच थांबले. त्याला पुढचं माहीत होतं. म्हणाला, ‘पण त्या आंधळ्याला दिसायला लागलं, ताई.’ मला बोलता आलं नाही. आजही त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचे निवृत्त पाळक साहेब आले. संसर्ग नको म्हणून खोलीत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र वाचलं. बाकीची विलापाची स्तोत्रं कितीही रडली-ओरडली तरी शेवटाला बहुधा आशेवर येतात. हे येत नाही. रात्रंदिवस हाका मारतोय, तू तोंड का लपवतोस, माझी माणसं तू माझ्यापासून दूर केलीस, असं म्हणत म्हणत ते अंधारातच संपतं. धाकट्याने विचारलं, ‘संपलं?’ साहेब म्हणाले, ‘संपलं.’ ‘असंही आहे होय पवित्र शास्त्रात?’ त्यानंतर तो तेच स्तोत्र वाचायला सांगायचा. त्या पाकिटावर त्याने पुढे काही लिहिलं नाही.

तुम्ही विचारता त्या प्रश्नाचं माझं उत्तर, जे काही आहे ते, त्या उंबऱ्यावर आहे. ज्या ग्रंथाचा आधार घेऊन माझ्या भावाला गुन्हेगार ठरवलं, त्याच ग्रंथात हे स्तोत्र आहे. त्यातच ईयोब आहे, काही चूक नसताना सगळं गमावलेला माणूस. त्याचे मित्र आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. बोलायला लागले तेव्हा त्यांनी हेच म्हटलं, तुझं काहीतरी चुकलं असणार. शेवटी देवाचा राग ओढवला तो त्या मित्रांवर. कडकडून भांडणारा ईयोबच खरं बोलला, असा देवाने निवाडा दिला. शेजारच्या काकू मला समजावतात, ‘प्रारब्ध असतं गं एकेकाचं.’ त्यांनी आमच्यासाठी महिनोन्‌महिने डबे पाठवलेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण त्यांचं प्रारब्ध आणि त्या पुढाऱ्यांचं लपलेलं पाप, हिशेब एकच: दुखणं आलं म्हणजे देणं थकलं असणार. तो हिशेब मला मान्य नाही. मान्य नाही असं म्हणायची मुभा मला चर्चमध्ये मिळते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन आम्ही बसतो आणि वधस्तंभावरची सात वाक्यं ऐकतो. चौथं वाक्य प्रश्नच आहे: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्याला आम्ही देवाचा पुत्र म्हणतो त्यानेच ‘का’ विचारलं, आणि त्या दुपारी वरून उत्तर आलं नाही.

हे लिहिताना माझी त्या वर्षीची वही समोर आहे. तिच्यात लिहिलंय, ‘उत्तर मिळणार नसेल तर देव हवा कशाला?’ ते लिहिणाऱ्या बाईला मी म्हणते, भांडायला तरी समोर कुणी हवा. ती म्हणते, ही पळवाट झाली, माणूस भिंतीशीही भांडतो. तिच्या बोलण्यात दम आहे. तिला मी अजून गप्प करू शकलेले नाही आणि करावं असंही वाटत नाही.

साक्ष मागणाऱ्यांनाही सांगते. सातपूरच्या त्याच्या कंपनीतली पोरं प्लेटलेट्स द्यायला रक्तपेढीत येऊन बसायची. प्लेटलेट्स पाचेक दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे सारखा नवा माणूस लागायचा. त्यांच्यात एकही ख्रिस्ती नव्हता. पहिल्यांदा आला तो तोच शिकाऊ पोरगा, ज्याचा उल्लेख त्या पाकिटावर होता. ‘देवानेच पाठवलं’ असं साक्षीत म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही. रात्रपाळी करून ती पोरं आली, ते त्यांचं होतं. आणि आईने नाशिकरोडला कॅथलिकांच्या बाळ येशूच्या मंदिरात जाऊन मेणबत्ती लावली, आम्ही प्रोटेस्टंट असून. त्याचंही काही झालं नाही, पण तिला मी अडवलं नाही.

मतांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, चर्चमध्ये सगळ्यांबरोबर म्हणताना ‘देहाचे पुनरुत्थान’ या शब्दांवर माझा आवाज बंद होतो. शेजारचे म्हणतात, मी त्यांचं ऐकते. काही रविवारी म्हणताही येतं.

धाकट्याला पुरताना पाळक साहेबांनी मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ म्हटलं, तेव्हा मला जेकब वेनराइट आठवला. आफ्रिकेत घरातून पळवून गुलाम म्हणून विकलेला मुलगा. सुटका झाल्यावर तो आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकला. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या रानात मेला तेव्हा त्याचं हृदय तिथल्या एका झाडाखाली पुरलं आणि प्रेतविधी वाचला तो या वेनराइटने. ज्याचं बालपण असं ओरबाडून नेलं होतं त्याने ते शब्द कुठल्या तोंडाने वाचले असतील? त्याला सगळं पटलं असेल, असं मला वाटत नाही. तरी वाचले. अशा माणसांच्या रांगेत उभं राहायला मला चालतं.

माझी भाची आता मोठी झाली आहे. गेल्या नाताळाआधी चांदणी लावताना तिने विचारलं, ‘आत्या, बाबांसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना?’ म्हटलं, केली होती. ‘मग?’ म्हटलं, तो बरा झाला नाही आणि का ते मला माहीत नाही. ती म्हणाली, ‘मी रविवारी आले नाही तर चालेल?’ चालेल म्हटलं. कधी येते, कधी येत नाही. भावजयीला हे आवडलेलं नाही. तिच्या मते मी पोरीला धरून ठेवायला हवं होतं. यावर आमचं अजून वाजतं.